ठिपक्यांची माणसं, ठिपक्यांचं रान

माणसाला चहूबाजूंनी एकदम टिपण्याची हौस लेझरपेक्षा शंभर वर्षं जुनी आहे. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम हा शिल्पकार गिऱ्हाइकाला गोल दालनात मधोमध उभं करायचा आणि भोवतालच्या २४ कॅमेऱ्यांनी त्याचे फोटो काढायचा. मग एकेका फोटोतली बाह्यरेषा पँटोग्राफने गिरवून मातीत उतरवायची, वर हात फिरवायचा, की पुतळा तयार.

१९६०मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेझर चालवून दाखवला. किरण सोडायचा, तो आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं, ही युक्ती लवकरच मोजणीदारांच्या हाती आली. अशा लाखो मोजण्यांतून ठिपक्यांचा ढग उभा राहतो.

कलेच्या दारात स्कॅनर आला तोही मोजणीसाठीच. १९९८-९९मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने फ्लॉरेन्समधला मायकेलअँजेलोचा डेव्हिड स्कॅन केला, छिन्नीच्या खुणा दिसतील इतक्या बारकाईने. तेव्हा कळलं की पुस्तकं ज्याची उंची ४३४ सेंटिमीटर सांगत होती, तो ५१७ सेंटिमीटरचा आहे! यंत्राचा मनोरा जुन्या आकड्यावर बेतलेला, तो वाढवावा लागला. इतकी वर्षं लोकांनी डोळे भरून पाहिलेल्या देहाबद्दल ही चूक टिकून राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

२००८मध्ये रेडिओहेड या बँडच्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या गाण्याचा व्हिडिओ आला. तो नेहमीच्या कॅमेऱ्याशिवाय केलेला. गायक थॉम यॉर्कचा चेहरा प्रकाशाच्या आकृत्या टाकून मोजला, रस्ते आणि घरं ६४ लेझरच्या फिरत्या यंत्राने. दिग्दर्शक जेम्स फ्रॉस्टने मुद्दाम आरसे आणि पाणी मध्ये आणून किरण बिथरवले. मोजणीदार ज्याला बिघाड म्हणून पुसून टाकतो, तेच इथे चित्र झालं. चेहरा विस्कटतो, घर विरतं, आणि दोन्ही एकाच ठिपक्यांचे. माझ्या मते या साधनाची खरी ताकद इथे उघड झाली: त्याला कातडी आणि भिंत यांत वरचढ कोण ते ठाऊक नाही.

पुढच्यांनी हा धागा रानात नेला. २०१५मध्ये मार्शमेलो लेझर फीस्ट या लंडनच्या गटाने इंग्लंडमधलं ग्राइझडेल जंगल स्कॅन केलं आणि शेवाळाने मढवलेली शिरस्त्राणं तिथेच झाडांखाली टांगली. ते डोक्यावर चढवलं की तेच रान डास, चतुर, बेडूक आणि घुबडाच्या नजरेतून दिसायचं, म्हणजे कलावंतांनी शास्त्राच्या आधाराने कल्पिलेल्या नजरेतून. पाहणाऱ्याचे पाय त्याच मातीवर असायचे, म्हणून मला हा प्रयोग दालनातल्या कुठल्याही पडद्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

लंडनच्याच स्कॅनलॅब प्रोजेक्ट्स या गटाने ‘फ्रेमरेट’ या कलाकृतीत ब्रिटनमधल्या त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा स्कॅन केल्या. तिथे कापणी, खोदकाम, बांधकाम आणि किनाऱ्याची झीज सरकताना दिसते. माणसाचं काम आणि समुद्राचं काम शेजारी शेजारी, एकाच मापाने मोजलेलं.