चीजकेकमधली कॉफी आणि नगरचा मलिक अंबर

आमच्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, काही घरांत ईदच्या दस्तरखानावर शीरखुर्म्याच्या शेजारी कॉफीचा चीजकेक दिसू लागला आहे. मुली तो घरीच करतात आणि त्याला तिरामिसू या इटालियन गोडाची चव देतात. वडीलधारी मंडळी विचारतात, "हे आपलं आहे का?" या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. हे हलाल आहे का, आणि हे आपल्याकडचे आहे का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तिरामिसू फार जुना पदार्थ नाही. व्हेनिसजवळच्या त्रेविझो शहरातल्या 'ले बेक्केरिये' या उपाहारगृहातून तो १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाला. तिथल्या पाककृतीत मद्य नव्हते. मार्साला वाइन किंवा रम घालण्याची पद्धत नंतर पसरली. त्यामुळे मद्य वगळले म्हणून पदार्थ नकली होत नाही. त्यात लागणारे मस्कारपोने म्हणजे साय गरम करून आंबट घालून घट्ट केलेले चीज. आपण पनीर करतो, त्याच जातीचे काम.

मी घरी चक्काच वापरतो. आमचा जिल्हा दुधाचा आणि साखरेचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० पासूनचा. इथे चक्का मिळायला अडचण नाही. अर्धा किलो घट्ट, ताजा चक्का, कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवलेली दोन चमचे कॉफी एकजीव करावी. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून भांड्याच्या तळाशी दाबावा, वर हे मिश्रण ओतावे. ओव्हनमध्ये पाण्याच्या ताटात भांडे ठेवून १६० अंशांवर पाऊण तास भाजावे आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. अंडे नाही, जिलेटिन नाही, त्यामुळे शंकाही नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र कॉफीच्या मागे जावे लागते. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला तिचा काढा पीत. अरबीत तो 'कहवा', तुर्कीत 'कहवे', इटालियनमध्ये 'काफे'. येमेनच्या मोखा बंदरातून ती जगभर गेली. आज कॅफेच्या पाटीवर 'मोका' लिहिलेले असते, ते याच बंदराचे नाव. सतराव्या शतकात व्हेनिसमध्ये कॉफीघरे निघाली. त्रेविझोच्या तिरामिसूतली कॉफी अशी मुस्लिम देशांच्या बंदरांतून इटलीत पोचलेली आहे.

त्याच मोख्यात एक हबशी मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. तोही इथिओपियाचाच. पुढे तो बगदादला आणि तिथून दख्खनला आला, आणि निजामशाहीचा वजीर झाला. तो मलिक अंबर. मोख्यातल्या विक्रीची हकीकत पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. तो १६१६ मध्ये मोख्याला होता आणि १६१७ मध्ये अंबरला भेटला. कॉफीची ओळख झालेल्या सुरुवातीच्या डच लोकांत त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे कॉफी आणि अंबर हे दोन्ही एकाच माणसाच्या रोजनिशीत भेटतात.

१६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर अंबरने निजामशाही उभी ठेवली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत दख्खनच्या शेतकऱ्याला परिचित होती. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत, म्हणजे आपल्याच नगरजवळ, शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. शहाजी आणि शरीफजी ही दोन्ही नावे नगरच्या शाह शरीफ पीरांवरून ठेवली गेली, असे परंपरा सांगते. १६२६ मध्ये अंबर वारला, आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

कॉफीही मागून आली. बाबा बुदन यांनी मक्केहून येताना येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्यांचे नाव आहे, आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात. आज दक्षिणेत कोणी कॉफीला परकी म्हणत नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण इतके उदार नसतो. चारशे वर्षे राहूनही 'तुम्ही बाहेरचे' हे ऐकावे लागते, आणि आमच्यातलेही काही घरातल्या नव्या पदार्थाला तेच म्हणतात. मला दोन्ही वेळा मलिक अंबर आठवतो. या मातीत तो जन्मला नाही, पण तिच्यासाठी लढला, तिचा सारा नीट बसवला आणि तिच्यातच पुरला गेला. आपलेपणा ठरवायचा तर तो असा ठरवावा. चीजकेकच्या बाबतीतही हिशोब तोच. नगरचे दूध, प्रवरेची साखर आणि कॉफीची चारशे वर्षांची ओळख असताना त्याला परका ठरवणे मला तरी जमत नाही.