वहीतली नावे

गांधीबागेच्या ठोक कापड बाजारात उधारीची वही गल्ल्याइतकीच जपावी लागते. गल्ल्यातले पैसे पुन्हा कमावता येतात, पण कोणाकडे किती येणे आहे हेच कळले नाही तर धंदा बसतो. सेवाभावी संस्थांच्याही अशा वह्या असतात. त्या आता संगणकात गेल्या आणि पाठोपाठ चोरही तिथे पोचले. मात्र सगळ्यांचा धोका सारखा नसतो. तीन घटना शेजारी ठेवून पाहू.

पहिली २०१७ ची. 'सेव्ह द चिल्ड्रन'च्या अमेरिकेतील संस्थेत चोर एका कर्मचाऱ्याच्या ईमेलमध्ये शिरले आणि खोटी बिले लावून त्यांनी सुमारे दहा लाख डॉलर पळवले. बहुतेक रक्कम विम्यातून भरून निघाली.

दुसरी २०२० ची. संस्थांसाठी देणगीदारांच्या नोंदी सांभाळणाऱ्या 'ब्लॅकबॉड' या अमेरिकी कंपनीतून १३ हजारांहून अधिक ग्राहक संस्थांची माहिती गेली. कंपनीने खंडणीही भरली. इथे उघडी पडली ती देणाऱ्यांची नावे.

तिसरी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीची. १८ जानेवारी २०२२ रोजी चोरी लक्षात आली, पण चोर ९ नोव्हेंबर २०२१ पासूनच आत होते. प्रणालीतली एक फट वेळेत बुजवली गेली नव्हती. युद्धात किंवा आपत्तीत ताटातूट झालेली, बेपत्ता, कैदेत असलेली अशी ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसे त्या नोंदींत होती. प्रणाली बंद करावी लागली आणि आप्तांचा शोध घेण्याचे काम अडले.

याच समितीने १९१४ मध्ये जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी कचेरी उघडली होती. तिथे सुमारे वीस लाख माणसांची साठ लाख कार्डे जमली. ती पळवायची तर आगगाडीचे डबे लागले असते! आता सगळे एका चिमुकल्या डबीत मावते.

आपल्या विदर्भात पाहा. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली, आणि बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते, ते थेट २०१९ मध्ये रद्द झाले. म्हणजे अशा कामातल्या रुग्णाचे नाव बाहेर फुटले असते, तर एखाद्या बाईचा संसार मोडू शकला असता. तो कोणता विमा भरून देणार?

म्हणून माझ्या मते धोका मोजायचा तो संस्थेच्या तिजोरीवरून नव्हे, तर वहीत कोणाचे नाव आहे त्यावरून. देणगीदार बँकेचे खाते बदलू शकतो. आश्रयाला आलेली बाई, रुग्ण, निर्वासित आपले नाव कसे बदलणार? आणि चार पैसे वाचवायला जुना संगणक वापरणाऱ्या लहान संस्थांकडेच पुष्कळदा अशी नावे असतात.

आपल्यापैकी अनेकजण कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. पुढच्या सभेत हिशेबाबरोबर एवढे विचारा: हे नाव लिहिण्याची गरज आहे का, ते कोण पाहतो, आणि काम संपल्यावर ते पुसतो कोण?