रुपयातला एक आणा

आपल्या महाड-पोलादपूरच्या घरांत एक शब्द फार जुना आहे, फंड. चाकरमानी मुंबईची गिरणी सोडून कायमचा गावी आला, की त्याच्या फंडातून कुठे घराचं छप्पर झालं, कुठे मुलीचं लग्न. हा फंड आला कुठून?

1951 च्या नोव्हेंबरात सरकारने वटहुकूम काढला आणि 1952 मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. सुरुवातीच्या सहा उद्योगांत कापड गिरण्या होत्या. कामगाराच्या पगारातून सव्वासहा टक्के कापायचे, मालकाने तेवढेच घालायचे. सव्वासहा टक्के म्हणजे रुपयातला एक आणा! पुढे हा दर वाढत 12 टक्क्यांवर आला.

या योजनेच्या नियमांत बाईसाठी एक सवलत आली. नोकरी सुटल्यावर सगळा फंड काढायला दोन महिने थांबावं लागे. लग्नासाठी राजीनामा देणारीला ही अट नव्हती. म्हणजे लग्न झालं की बाई नोकरी सोडणार, हे नियमानेही धरूनच ठेवलं होतं.

पण प्राप्तिकराचा हिशेब वेगळा. तिथे सलग पाच वर्षं नोकरी लागते. आजारपणामुळे नोकरी गेली किंवा मालकाने धंदाच बंद केला, तर सूट आहे. लग्नाचं नाव तिथे नाही. 2015 च्या जूनपासून तर पाच वर्षांआधी मोठी रक्कम काढली की जागेवरच कर कापू लागले. पुढच्या वर्षी ही मर्यादा 50,000 रुपये झाली. पॅन जोडलेला असेल तर 10 टक्के कापतात, नसेल तर जास्त.

बिरवाडीच्या एमआयडीसीत तीन-चार वर्षं काम करून लग्नानंतर फंड काढणाऱ्या आपल्या मुलींचं नुकसान इथेच होतं.

आपण गटाच्या वहीत बचत आणि व्याज वेगळ्या रकान्यांत लिहितो ना? विवरणपत्रातही तसंच. आपल्या पगारातून गेलेल्या पैशावर पुन्हा कर नाही. फक्त त्यावर पूर्वी करसवलत घेतली असेल, तर ती परत मोजली जाते. मालकाचा हिस्सा आणि त्याचं व्याज पगारात धरतात. आपल्या हिश्श्याचं व्याज इतर उत्पन्नात जातं. म्हणून पासबुक आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

वर्षाचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर कापलेला कर परत मिळतो. पण त्यासाठी विवरणपत्र भरावंच लागतं.

आणि लेक सासरी जाऊन पुन्हा नोकरी धरणार असेल, तर फंड काढू नका, नव्या नोकरीच्या खात्यात वळता करा. जुनी वर्षं पाच वर्षांत धरली जातात.

आजोबांनी आणा-आणा करून साठवलं. आपल्या लेकीचा आणा तिच्याच हाती पडू दे.