जावरची खाण : शिसे, कथील की जस्त?

जुन्या खाणीचा इतिहास दप्तरांवरून लिहू गेल्यास पहिली अडचण येते ती धातूच्या नावाची. उदयपूरच्या दक्षिणेस अरवलीत असलेली जावरची खाण हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील खडकात शिसे व जस्त यांची खनिजे एकत्र आढळतात. शिशाच्या खनिजात थोडी चांदीही असते. कागदांत मात्र हा मेळ दिसत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त धातूंच्या प्रकरणात अबुल फज्ल म्हणतो की, जस्त शिशासारखे दिसते, तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही, आणि त्याची खाण अजमेर सुभ्यातील जालोर भागात आहे. त्याच ग्रंथात चितोड सरकारच्या वर्णनात ही खाण जावरला दाखविली आहे. फारसी लिपीत या दोन नावांत एका ‘लाम’चाच फरक! नकलनविसाच्या हातून अक्षर वाढले असावे, असे मानण्यास जागा आहे. केवळ इंग्रजी भाषांतरावर विसंबणाऱ्याला ही शंका सहसा येत नाही.

पुढे कर्नल टॉडने १८२९ च्या आपल्या ग्रंथात जावरच्या खाणींचे श्रेय राणा लाखाला दिले. पण धातू सांगितले कथील आणि चांदी. जस्ताचे कथील झाले, आणि शिसे तर नावालाही उरले नाही.

हा गुंता सुटला तो जमिनीतून. पादऱ्याशेजारच्या वडोदऱ्यातील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे, ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक आणि खाण-इतिहासाचे अभ्यासक लिन विलीज यांनी हिंदुस्थान झिंकच्या सहकार्याने तेथे काम केले. १९८३ मध्ये जस्ताच्या भट्ट्या उजेडात आल्या. एकेका भट्टीत वांग्याच्या आकाराच्या छत्तीस मुशी. जस्ताची ९०७ अंशांवर वाफ होते. उघड्या भट्टीत ती धुराबरोबर निघून जाते. म्हणून मुशी उलट्या ठेवून वाफ खालच्या थंड भागात उतरवीत.

या भट्ट्या मध्ययुगातील. खाणीतील लाकडी आधारांचे कार्बनमापन मात्र इसवी सनापूर्वीच्या शतकांत जाते. लाकूड खोदकामाचे वय सांगते, धातू सांगत नाही. तरीही जस्ताच्या भट्ट्यांपूर्वी हजारभर वर्षे माणसे इतक्या खोल का उतरली, या प्रश्नात शिसे आणि चांदी यांना बाजूला सारता येत नाही.

जावर गावातील जुन्या घरांच्या भिंती याच वापरलेल्या मुशी रचून बांधल्या आहेत.