स्टोन, आय. एफ.
स्टोन, इझिडोर फाइन्स्टाइन : (२४ डिसेंबर १९०७–१८ जून १९८९). डाव्या विचारांचे अमेरिकन पत्रकार आणि ‘आय. एफ. स्टोन्स वीकली’ या साप्ताहिकाचे संपादक-प्रकाशक. जन्म फिलाडेल्फियात, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात. बालपण न्यू जर्सीतील हॅडनफील्डला गेले. तिथे वडिलांचे कापडाचे दुकान होते. चौदाव्या वर्षी त्यांनी ‘द प्रोग्रेस’ नावाचे छोटे मासिक काढले आणि त्यातून राष्ट्रसंघाचा व गांधीजींच्या स्वातंत्र्यलढ्याचा पुरस्कार केला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून ते पूर्णवेळ पत्रकारितेत आले. ‘न्यू यॉर्क पोस्ट’चे अग्रलेखक, ‘द नेशन’चे वॉशिंग्टन संपादक, जाहिरातींविना चालवण्याचा प्रयोग करणाऱ्या ‘पीएम’ या दैनिकाचे वार्ताहर, अशी त्यांची पुढची वाटचाल झाली. त्यांचे नाव सहसा निर्भीडपणासाठी घेतले जाते आणि ते योग्यही आहे. पण त्या निर्भीडपणाला एक व्यवहारी पाया होता. वृत्तपत्र कोणाच्या पैशावर चालते आणि बातमी कोणाच्या मेहेरबानीने मिळते, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी बदलून टाकली. त्यांच्या कारकिर्दीचे मोल तिथे शोधायला हवे.

ही उत्तरे त्यांना संकटातून सापडली. ‘पीएम’ आणि त्यानंतरची दोन दैनिके एकापाठोपाठ बंद पडली. शेवटचे ‘डेली कंपास’ नोव्हेंबर १९५२ मध्ये मिटले. तो सिनेटर मॅकार्थी यांच्या साम्यवादविरोधी मोहिमेच्या दहशतीचा काळ होता आणि स्टोन यांना नोकरी द्यायला कोणी तयार नव्हते. जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी स्वतःचेच चार पानी साप्ताहिक सुरू केले. बंद पडलेल्या दैनिकांच्या ग्राहकांच्या याद्या हाताशी होत्या, त्यांतून सुमारे ५,३०० वर्गणीदार मिळाले. वार्षिक वर्गणी ५ डॉलर ठेवली, ती शेवटपर्यंत वाढवली नाही. जाहिरातदार नव्हते, मालक नव्हता, पक्षाचा निधीही नव्हता. पत्नी एस्थर हिशेब आणि वर्गणीदारांचा सगळा पसारा सांभाळत. टपालाची सवलतीची दरश्रेणी इतर नियतकालिकांसारखीच या साप्ताहिकालाही मिळाली; ज्या सरकारवर ते दर आठवड्याला तुटून पडत, त्याच्याच टपालखात्याने अंक घरोघरी पोचवले, ही अमेरिकन कायद्याची जमेची बाजू नोंदवलीच पाहिजे. १९७१ च्या अखेरीस साप्ताहिक बंद करताना खप सुमारे ७०,००० वर गेला होता.

दुसरा बदल बातमी मिळवण्याच्या रीतीत होता. स्टोन यांना ऐकू कमी येई, त्यामुळे पत्रकार परिषदा आणि कानगोष्टी त्यांना फारशा उपयोगाच्या नव्हत्या. ते संसदीय समित्यांचे वृत्तांत, सुनावण्यांची इतिवृत्ते, खात्यांचे अहवाल मुळापासून वाचत आणि एका कागदातले विधान दुसऱ्या कागदावर घासून पाहत. सप्टेंबर १९५७ मध्ये नेव्हाडात भूमिगत अणुचाचणी झाली. तिचे हादरे २०० मैलांपलीकडे टिपता आले नाहीत, असे अणुऊर्जा आयोगाने पुढे सांगितले. अर्थ असा, की चाचणीबंदीचा करार केला तरी तो पाळला जातो का हे कळणार नाही. दूरच्या देशांत हादरे नोंदले गेल्याची त्रोटक बातमी स्टोन यांनी वृत्तपत्रातून कापून ठेवली होती. त्यांनी सरकारच्याच भूकंपतज्ज्ञांना विचारले, तेव्हा दोन हजार मैलांहून दूर असलेल्या अलास्कातील केंद्रानेही हादरे टिपल्याचे निघाले. आयोगाला आपले विधान दुरुस्त करावे लागले. १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या समर्थनार्थ परराष्ट्र खात्याने श्वेतपत्रिका काढली. दक्षिणेतला उठाव उत्तरेकडून आलेल्या शस्त्रांवर चालतो, असा तिचा रोख होता. स्टोन यांनी पेंटॅगॉनचेच आकडे समोर मांडले : १९६२ ते १९६४ या काळात गनिमांकडून सुमारे १५,१०० शस्त्रे हस्तगत झाली होती, आणि श्वेतपत्रिकेच्या परिशिष्टात साम्यवादी देशांच्या बनावटीची म्हणून दाखवलेली शस्त्रे होती १७९.

यावर पहिला आक्षेप असा, की ही पत्रकारिता मोठ्या वृत्तपत्रांच्या जिवावर उभी होती. दुसऱ्यांनी गोळा केलेल्या बातम्या ते वाचत आणि अर्थ लावत. हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु अणुचाचणीची ती त्रोटक बातमी हजारोंच्या डोळ्यांखालून गेली होती आणि सरकारी कागद सर्वांना खुले होते. ज्यांच्याकडे शेकडो वार्ताहर होते, त्यांनी भूकंपतज्ज्ञांना का विचारले नाही, याचे उत्तर या आक्षेपातून मिळत नाही. अधिकाऱ्यांच्या विश्वासावर ज्याची रोजची बातमी अवलंबून असते, त्याला तो विश्वास गमावणे परवडत नाही. स्टोन यांच्याकडे गमावण्यासारखे असे काही नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डाव्या कलामुळे त्यांची नजर एका बाजूला अधू होती, असे टीकाकार म्हणतात. १९३० च्या दशकात स्टोन यांनी सोव्हिएत राजवटीला फार सवलत दिली. कोरियन युद्धावरील त्यांच्या १९५२ च्या पुस्तकाने युद्धाचा दोष दक्षिण कोरिया आणि तिच्या पाठीराख्यांकडे वळवला. पुढे खुल्या झालेल्या सोव्हिएत दफ्तरांनी उत्तर कोरियाच्या किम इल सुंग यांनी स्टालिनच्या संमतीने चढाई केल्याचे दाखवले आणि पुस्तकाचा तो कणा मोडला. कागद ताडून पाहण्याची रीत पूर्वग्रहापासून आपोआप वाचवत नाही, हे त्यावरून मान्य करावे लागते. मात्र १९५६ मध्ये मॉस्कोला जाऊन आल्यावर त्यांनी सोव्हिएत सत्तेवर कठोर लेख लिहिला आणि त्यापायी शेकडो वर्गणीदार गमावले. वाचकांच्या पैशावर चालणारे पत्र वाचकांचे मिंधे होऊ शकते, ही शंका रास्त आहे. या प्रसंगी तरी ते तसे झाले नाही. सोव्हिएत हेरखात्याच्या जुन्या नोंदींवरून २००९ मध्ये काही इतिहासकारांनी त्यांना १९३६–३८ या काळातले हस्तक ठरवले, तर इतरांनी त्याच नोंदींत पत्रकाराच्या गाठीभेटींपलीकडे काही नसल्याचे म्हटले. वाद मिटलेला नाही. पण तो साप्ताहिक निघण्याच्या पंधरा वर्षे आधीच्या काळाचा आहे, आणि साप्ताहिकातले आकडे आजही मूळ कागदांशी ताडून पाहता येतात.

साप्ताहिक बंद केल्यावर स्टोन प्राचीन ग्रीक शिकले. सॉक्रेटिसच्या खटल्यावरचे त्यांचे पुस्तक १९८८ मध्ये आले. त्यात त्यांनी त्या शिक्षेचा निषेध केला, तसेच सॉक्रेटिसच्या लोकशाहीविरोधाचाही जाब विचारला. पुढच्याच वर्षी बॉस्टन येथे त्यांचे निधन झाले.