वसईची सुकेळी : बाग, ऊन आणि हात

दहिवलीला वळसा घालून जाणारी उल्हास नदी बदलापूर, कल्याण ओलांडून वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. नदीच्या वरच्या अंगाला भातखाचरे आणि सह्याद्रीचे कडे, तर मुखाशी केळीच्या बागा आणि नारळीची झाडे. या मुखाकडील भूमीत ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके जी खाद्यसंस्कृती घडविली, तिचा इतिहास आपण फारसा लिहून ठेवलेला नाही.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत अमेरिका खंडातील मिरची, काजू, अननस, पपई आणि पेरू ही पिके पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली. आज मिरचीवाचून आपले कालवण शिजत नाही, तरी ती परकी होती याचा आपल्याला विसर पडला आहे. ‘इंद्याल’ या शब्दात मूळ पोर्तुगीज नाव दडले आहे. त्याचा अर्थ ‘द्राक्षारस आणि लसूण’. येथे द्राक्षारसाच्या जागी शिरका आला, मसाला वाढला, आणि परक्या पाककृतीला देशी चव लाभली.

मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन घरांतला बाटली मसालाही असाच कष्टाचा. उन्हाळ्यात मिरच्या आणि इतर जिन्नस वाळवायचे, भाजायचे, लाकडी उखळात मुसळाने कांडायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. बाटलीच्या काळोखात त्याचा वास वर्षभर टिकतो. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ साली समाजाने स्वतः घेतले. मसाल्याची रीत मात्र त्या नावाहून जुनी असावी.

परंतु वसईच्या हस्तकौशल्याची खरी ओळख सुकेळी. राजेळी जातीची पक्व केळी सोलून उन्हात मांडायची, सायंकाळी आत घ्यायची, पुन्हा सकाळी ऊन द्यायचे. काही दिवसांनी केळ्यातील पाणी आटते, गर आक्रसतो आणि मधासारखा रंग चढतो. साखरेचा कणही नाही, तरी गोडी अवीट. शेवटी केळीच्याच वाळक्या पानात ती नेटकेपणाने गुंडाळून बांधतात. एका झाडाने फळ द्यावे आणि त्याच झाडाने त्याचे वेष्टनही द्यावे, अशी ही काटकसर आहे. अवेळी ढग आले की सारे श्रम वाया जातात. म्हणूनच सुकेळी करणाऱ्याला आकाश वाचता यावे लागते. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. ती आईकडून मुलीला, सासूकडून सुनेला मिळाली.

इटलीच्या लिग्युरिया किनाऱ्यावरील जिनोव्हाची तुळस आणि रापाल्लोची हातविणीची लेस जगात नावाजलेली आहेत. तेथील तुळशीला २००५ साली युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिले. अशा संरक्षणाचे मोल आहेच. पण नावाला कवच मिळाले तरी पीक जमिनीतूनच यावे लागते.

वसईत नेमका जमिनीचाच प्रश्न आहे. महानगराच्या विस्ताराने बागांच्या जागी इमारती आल्या. टँकरने पाणी उपसल्याने विहिरी खारट होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा उभारला, तो केवळ झाडांसाठी नव्हता. त्या झाडांच्या सावलीत वाढलेल्या जीवनपद्धतीसाठीही तो होता. फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले.

आपण सणासुदीला इंद्याल करतो, पाहुण्यांना सुकेळी देतो, आणि परंपरा जपली असे मानतो. परंतु बाग गेली की राजेळी जाते, राजेळी गेली की वाळवणाची विद्या जाते, आणि मग उरते ते केवळ नाव. ज्यांच्या घरी आजही वाळवण पडते, त्यांच्या मुलांनी या उन्हाळ्यात आजीशेजारी बसून एकदा तरी ते काम हाताने करावे. संस्कृतीचे रक्षण याहून साधे नाही आणि याहून सोपेही नाही.