नावाचं हार्डवूड

अमेरिकेतल्या लाकडाच्या दुकानात बासवुड ‘हार्डवूड’च्या फळीवर ठेवलेलं असतं, आणि त्यावर नख दाबलं तर खूण उमटते. हे नाव कठीणपणावरून पडलेलं नाही. फुलणाऱ्या, रुंद पानांच्या झाडांचं ते हार्डवूड आणि सूचिपर्णी झाडांचं सॉफ्टवूड, असा हा वनस्पतिशास्त्राचा हिशेब. कठीणपणाच्या जांका चाचणीत पांढरा ओक १३६०च्या आसपास भरतो, तर बासवुड जेमतेम ४१०. हे अमेरिकन लिंडेनचं लाकूड. आजच्या वर्गीकरणात जास्वंद, भेंडी आणि ताग यांच्याच कुळातलं. त्याच्या आतल्या सालीपासून इथले मूळनिवासी दोर वळत.

बासवुड उघड्यावर कुजतं, खिळा घट्ट धरत नाही. पण त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो, त्यामुळे पटाशी चालवताना ते सहसा चिरफाळत नाही. सावंतवाडीच्या कारागिरांनी रंगीत लाकडी फळांसाठी हलका पांगारा निवडला, तोही अशाच मऊपणासाठी.

अमेरिकेत हे लाकूड मेरी-गो-राउंडच्या घोड्यांना लाभलं. होल्स्टाइनहून आलेला चार्ल्स लूफ ब्रुकलिनच्या फर्निचर कारखान्यात कोरीवकाम करी. १८७६ मध्ये त्याने कोनी आयलंडवर आपला पहिला मेरी-गो-राउंड उभारला. मागून पूर्व युरोपातले ज्यू कारागीर आले. सिनेगॉगमधले सिंह कोरण्याची त्यांची परंपरा होती. इथे तीच आयाळ घोड्यांच्या मानेवर आली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आपली मुलं ज्या घोड्यांवर बसतात, ते १९०८ मध्ये सॉलोमन स्टाइन आणि हॅरी गोल्डस्टाइन यांनी घडवले. देश बदलला, गिऱ्हाईक बदललं. हातातलं कसब मात्र वाया गेलं नाही.

पुढे या घोड्यांना संग्राहकांकडून इतकी किंमत येऊ लागली, की अनेक मेरी-गो-राउंड मोडून घोडे सुटे विकले गेले. ओहायोतलं आयडोरा पार्क १९८४ मध्ये बंद पडलं, तेव्हा तिथल्या १९२२च्या मेरी-गो-राउंडवरही हीच वेळ आली होती. एका दांपत्याने तो लिलावात अख्खा घेतला. २०११ पासून तो ब्रुकलिनच्या नदीकाठी फिरतो आहे.

दिवाणखान्यातला एकटा घोडा सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण ते कसब ज्या गर्दीसाठी आणि ज्या पोरांसाठी राबलं, ती तिथे नसतात.